गडगडाट, कडकडाट आणि मेघगर्जना

रोहिणीचे दिवस सरत आले की खानदेशातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात, असे आपण म्हणतो. खरे पाहता डोळ्यांच्या आधी कान लागलेले असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आभाळ धुळीने इतके भरलेले असते की दूरचा ढग नीट दिसत नाही. परंतु दुपार कलल्यावर सातपुड्याच्या बाजूस कोठेतरी जाते फिरवल्यासारखी घरघर सुरू होते आणि वखर हाकणारा माणूस बैल थांबवून क्षणभर ऐकतो. ह्या आवाजास आपल्या भाषेत किती नावे आहेत व त्या नावांतून काय काय कळते, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग वरणगाव येथे आला.

बैठक कपाशीच्या बियाण्याविषयी होती. ती संपत आली असता एका वयस्क शेतकऱ्याने आपला भ्रमणध्वनी पुढे केला. त्यावर हवामानाचा संदेश आला होता : जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना व वादळी वाऱ्यासह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता. त्यांनी विचारले, "साहेब, मेघगर्जना म्हंजे नुसता आवाजच होईन, का ईज बी पडीन? अन् तुरळक म्हंजे पाऊस थोडाच ना?" मागे बसलेली दोन मुले हसली. मी घाईघाईने काहीतरी उत्तर दिले व बैठक आटोपली. भुसावळकडे परत येताना मात्र ते उत्तर माझे मलाच पटेना. प्रश्न शब्दार्थाचा दिसत असला तरी तो विचारणाऱ्या माणसास दुसऱ्या दिवशी त्याच संदेशाच्या भरवशावर शेतात जावयाचे होते.

प्रथम शब्द पाहू. 'मेघ' हा 'मिह्' ह्या धातूपासून झाला. त्याचा अर्थ शिंपणे, ओलावा सोडणे. जो शिंपतो तो मेघ. 'गर्जना' ही 'गर्ज्' धातूपासून झाली. ती सिंहाची असते, हत्तीची असते आणि ढगाचीही असते. म्हणजे ह्या जोडशब्दात पाणी आहे, आवाज आहे. परंतु विजेचा उल्लेख कोठेच नाही. त्या शेतकऱ्याचा प्रश्न शब्दाच्या दृष्टीने अगदी रास्त होता! शब्दाने जे सांगितले नाही तेच त्याने विचारले होते.

संस्कृतात ह्या आवाजास केवळ त्याचेच असे दुसरे शब्दही आहेत. वेदांत 'तन्यतु' आहे, 'स्तनयित्नु' आहे. पुढे काव्यात 'स्तनित' येतो. हे कूळ मोठे दूरवर पसरलेले आहे. लॅटिन भाषेतील 'तोनारे' हे क्रियापद, जर्मन 'डोनर' आणि इंग्रजी 'थंडर' ही सर्व ह्याच घरातील भावंडे होत. आपल्याकडे विहीर खोदताना सुरुंगास जो डिटोनेटर लावतात, त्याचे नावही ह्याच लॅटिन क्रियापदापासून आलेले आहे. वरणगावास आयुधनिर्माणी असल्यामुळे तेथील मंडळींना हा शब्द नवा वाटू नये.

उत्तर युरोपातील लोकांनी तर ह्या आवाजाचा देवच केला. हातोडा घेतलेला थॉर हा तो देव. त्याच्या नावावरून इंग्रजीत 'थर्सडे' हा वार झाला व जर्मन भाषेत त्यास 'डोनर्सटाग' म्हणजे गडगडाटाचा वार असेच म्हणतात. हा आपला गुरुवार. रोमन लोक तो वार ज्युपिटरचा मानीत. ज्युपिटर म्हणजे गुरू हा ग्रह, आणि ज्युपिटर म्हणजे वीज फेकणारा त्यांचा देवांचा राजाही. आपल्याकडे वीज फेकण्याचे काम इंद्राकडे गेले व गुरुवार बृहस्पतीकडे राहिला, एवढाच फरक. इंद्राचे आयुध ते वज्र. दधीची ऋषींच्या अस्थींपासून ते घडविले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आभाळातून काहीतरी कठीण वस्तू खाली येऊन आदळते, ही समजूत अनेक देशांत होती. युरोपात शेतात सापडणाऱ्या अश्मयुगीन दगडी कुऱ्हाडींना लोक आभाळातून पडलेले दगड समजत व घरावर वीज पडू नये म्हणून त्या घरात जपून ठेवीत.

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण माझ्या मते खरा ठेवा येथेच आहे. शेतकरी आपापसांत बोलताना 'मेघगर्जना झाली' असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'गडगडतंय', नाहीतर 'ईज कडाडली'. विहिरीची जशी इहीर होते तशी बोलीत विजेची ईज होते. मूळ शब्द 'विद्युत्', त्याचा प्राकृतात 'विज्जु' झाला व त्यावरून आपली 'वीज'. पुढे तारांतून आलेल्या शक्तीसही आपण हेच नाव दिले. त्यामुळे आभाळात वीज आली की घरातील वीज जाते, असा विनोद दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या सावलीत राहणारी मंडळीही करतात.

'गडगडाट' आणि 'कडकडाट' हे दोन्ही शब्द आवाजाच्या अनुकरणाने झालेले आहेत, जसे खडखडाट, फडफडाट, कलकलाट. परंतु ते एकाच अर्थाचे नाहीत. मडके उतारावरून घरंगळत जावे तसा लांबत जाणारा, जड आवाज तो गडगडाट. म्हणूनच वरून खाली लोळत येण्यास आपण गडगडणे म्हणतो, आणि केळीचे भावही गडगडतात. (हा गडगडाट ऐकण्यास ढग लागत नाहीत, असे एक केळी उत्पादक मला म्हणाले.) वाळलेले लाकूड मोडावे तसा एकदम, कोरडा, तीक्ष्ण आवाज तो कडकडाट. हा भेद कोणा पंडिताने ठरवून दिलेला नाही. कानांनी ऐकून पिढ्यान् पिढ्या तो केलेला आहे, आणि शास्त्र तपासून पाहता तो बिनचूक ठरतो.

त्याचे कारण असे. वीज ज्या अरुंद मार्गाने जाते तेथील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस इतकी तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या कित्येक पट हे तापमान होय. तापलेली हवा स्फोटासारखी प्रसरण पावते, तोच आवाज. वीज जवळ पडली असेल तर तो एकदम व तीक्ष्ण ऐकू येतो : कडकडाट. वीज दूर असेल तर प्रकार निराळा होतो. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांब व वेडावाकडा असतो, त्यामुळे त्याच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी व लांबच्या टोकाचा नंतर पोचतो. वाटेत तीक्ष्ण स्वर हवेत विरून जातात व जड स्वर तेवढे उरतात : गडगडाट. म्हणजे कडकडाट म्हणताना आपण 'जवळ' म्हणत असतो व गडगडाट म्हणताना 'दूर'. आपल्या भाषेने अंतर मोजण्याचे साधनच शब्दांत करून ठेवले आहे, आणि संदेश लिहिणारे आम्ही लोक ते बाजूस ठेवून 'मेघगर्जना' लिहितो. हा दोष आमचा आहे, वाचणाऱ्याचा नव्हे.

परंतु 'दूर' म्हणजे किती दूर, हे नीट समजून घेतले पाहिजे. ध्वनी एक किलोमीटर जाण्यास साधारणतः ३ सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सावकाश आकडे मोजावे व तीनने भागावे, तितके किलोमीटर. ३० आकडे झाले तर वीज १० किलोमीटरवर आहे. सर्वसाधारणपणे १५ ते २० किलोमीटरपलीकडचा आवाज आपणांस ऐकूच येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, पावसाच्या सरीपासून १० किलोमीटर व प्रसंगी त्याहूनही लांब वीज पडू शकते. ही दोन अंतरे शेजारी ठेवून पाहावी. गडगडाट ऐकू आला, ह्याचा अर्थ पुढची वीज आपल्यावर पडू शकेल इतक्या टप्प्यात आपण आलो आहोत. डोक्यावर ढग असो वा नसो.

येथे आपल्या एका म्हणीची आठवण होते : 'गर्जेल तो पडेल काय?' बढाईखोर माणसाविषयी ती अगदी खरी आहे. आभाळाविषयी मात्र तिच्यावर विसंबू नये. वैशाख-ज्येष्ठात खानदेशातील हवा इतकी तापलेली व कोरडी असते की उंचावरील ढगातून निघालेला पाऊस पुष्कळदा जमिनीवर पोचण्यापूर्वीच वाळून जातो. ढग गरजतो व बरसत नाही, हे निरीक्षण म्हणूनच बरोबर आहे. परंतु त्या ढगातील वीज वाळून जात नाही. किंबहुना असा ढग अधिक घातक म्हटला पाहिजे, कारण पाऊस आला तर माणूस आडोशास पळतो. पाऊस नसला म्हणजे तो उरलेली दोन तासे आटोपण्यासाठी शेतातच राहतो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यात पंचनाम्याच्या वेळी मी उपस्थित होतो. बांधावरील निंबाखाली बांधलेली बैलजोडी वीज पडून मेली होती. धनी त्याच झाडापासून काही पावलांवर होता, तो वाचला. जमलेल्या लोकांत चर्चा अशी की घरात कोणीतरी पायाळू आहे, म्हणून वीज ओढली गेली. जन्मताना पाय आधी आलेल्या मनुष्याकडे वीज धावते, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी ऐकू येते व तीपायी पावसाळ्यात एखाद्या पोराला उगाच घरात कोंडून ठेवतात. विजेला जन्माशी कर्तव्य नाही, उंचीशी आहे. मोकळ्या रानात झाड उंच म्हणून ती झाडावर आली, झाडातून जमिनीत उतरली व जमिनीतून चहूकडे पसरली. बैलाचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात; त्या दोन ठिकाणच्या विद्युत्-दाबात मोठा फरक पडतो व प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. जनावरे एका विजेत जोडीने किंवा कळपाने मरतात त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्या बैलांचा धनी तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता : "पाऊस कुठं होता? नुसतं गडगडत होतं."

तेव्हा पहिला गडगडाट कानी पडताच औत सोडावे व पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. ट्रॅक्टरवर बसून राहू नये. झाडाखाली, तारेच्या कुंपणाजवळ, लोखंडी पाइपजवळ किंवा चारही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नये. जनावरेही एकट्या झाडास बांधू नयेत. शेवटचा आवाज ऐकल्यापासून अर्धा तास जाऊ द्यावा. आसरा अगदीच नसेल तर झाडापासून दूर, सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे मुळीच होऊ नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्यास निःशंक हात लावावा, श्वास बंद असल्यास छाती दाबून उपचार तत्काळ सुरू करावे व रुग्णवाहिका बोलवावी. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइल उपयोजन तयार केले आहे. आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना त्यावर मिळते. दामिनी हेही विजेचेच जुने नाव.

वरणगावच्या शेतकऱ्याचा दुसरा प्रश्न राहिला. 'तुरळक' हा शब्द पावसास लागत नाही, ठिकाणांस लागतो. हवामानखात्याच्या परिभाषेत एखाद्या विभागातील चौथ्या हिश्शापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला म्हणजे 'तुरळक ठिकाणी' असे लिहितात. ज्या गावी तो येईल तेथे तो थोडाच येईल, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

पुढील बैठकीस हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले व म्हणाले, "मंग फळ्यावर 'गडगडाट' असंच लिहा ना." आता संदेश आला की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आम्ही तो उतरवून लिहितो : आज गडगडाट होण्याचा संभव, आवाज ऐकू येताच शेत सोडावे. पिवळा इशारा आणि नारिंगी इशारा ह्यांत फरक काय, असा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. त्याविषयी पुढील एखाद्या अंकात.