मुक्या सोबत्यांचा आधार

मैत्रिणींनो, संकट सांगून येत नाही आणि आलं की एकटं येत नाही. पाऊस दडी मारतो, गावाकडचं सोयाबीन पिवळं पडतं, त्याच महिन्यात सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागतं, आणि मुलांची फी तर तारखेला भरावीच लागते. आपण चिखलीला, मेहकरला किंवा मलकापूरला राहत असू, घरात महिन्याचा पगार येत असेल, तरी बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा एक पाय शेतातच असतो. तिथे बिघडलं की त्याची झळ इथल्या स्वयंपाकघरापर्यंत येते.

अशा वेळी सगळ्यांना धीर देते ती घरातली बाई. तिची विचारपूस करायला कुणी येत नाही असं नाही. शेजारीण येते, नणंदेचा फोन येतो. पण त्या विचारपुशीतही प्रश्नच फार. "आता कसं करणार गं?" "कर्ज किती झालंय?" "डॉक्टर काय म्हणाले?" तीच कहाणी दहादा सांगायची म्हणजे खपलीही दहादा निघायची.

म्हणून आज प्रश्न न विचारणाऱ्या दोन सोबत्यांविषयी सांगायचं आहे. एक झाड आणि दुसरा कुत्रा.

"डोंगराएवढं दुःख समोर असताना ही काय झाडा-कुत्र्यांची गोष्ट?" असं तुम्ही म्हणाल. पण दुर्गाबाई भागवतांचं उदाहरण पाहा. मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात संशोधन करत असताना विषारी सुरण त्यांच्या खाण्यात आला आणि आयुष्यातली उमेदीची काही वर्षं आजारपणात गेली. हातातलं काम सुटलं. त्याच दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झालं. बारा महिन्यांची झाडं, फुलं, ढग आणि पाखरं इतक्या बारकाईने पाहणारं पुस्तक मराठीत विरळाच. आजारपणातून उठलेल्या बाईची नजर अशी रसरशीत राहू शकते, हेच केवढं आश्वासन आहे!

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ते रुग्ण होते. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, तर काहींच्या खिडकीतून नुसती विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची तीव्र औषधंही कमी लागली. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. खाटेवरून दिसणारं झाड एवढं करतं, तर अंगणातलं किती करील?

आपल्याला तर लांब जायलाच नको. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेलं. खामगावकडे निघालं की बोथ्याचं रान लागतं, ते ज्ञानगंगा अभयारण्याचं. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरची पायपीट करून याच रानात पोचला होता! तिथे बिबटे आणि अस्वलंही आहेत, तेव्हा जायचं ते वनखात्याच्या परवानगीने आणि चारचौघींनी मिळून. लोणारला काठावर उभं राहून खाली पाहा. उल्का आदळून काळ्या खडकात पडलेला, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा हजारो वर्षं तिथेच आहे. कोरोनाच्या दिवसांत, जून २०२० मध्ये, त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. खारटपणा वाढल्यामुळे त्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. पुढे तो रंग ओसरलाही. एवढं जुनं काही डोळ्यांपुढे असलं की आपली काळजी नाहीशी होत नाही, पण ती आपल्या मापात येते.

आणि तेवढीही सवड नसेल तर फाल्गुनात रस्त्याकडेचा पळस पाहा. रान सुकलेलं, विहिरींनी तळ गाठलेला, आणि हा नेमका तेव्हाच फुलतो.

आता कुत्र्याकडे वळू या. आपल्या दत्ताच्या तसबिरीत पायांशी कुत्रे असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराजाने नकार दिला, हेही आपल्याला ठाऊक आहे. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्या मायेत ज्याचा वाटा असतो, तेच हे द्रव्य.

पण मला वाटतं, खरं गुपित याहून साधं आहे. दुःखात आपल्याला वाटतं, कुणीतरी आपल्याला सांभाळावं. पुष्कळदा मात्र माणूस सावरतो तो दुसऱ्या कुणाला सांभाळताना. कुत्र्याला तुमचं कर्ज माहीत नसतं. सकाळ झाली की त्याला बाहेर जायचं असतं आणि भाकरी हवी असते. अंथरुणातून उठवत नाही, पण तो दार खरवडू लागतो आणि तुम्ही उठता. उठलात की पायात चप्पल सरकवता, चार पावलं चालता, कोवळं ऊन अंगावर येतं. परतताना तुळशीला पाणी घालता. दिवसाची सुरुवात तर झाली!

आणखी एक गोष्ट. "जरा मोकळं वाटावं म्हणून फिरून येते," असं म्हटलं तर घरात भुवया उंचावतात. "मोत्याला फिरवून आणते," म्हटलं की कुणी काही बोलत नाही. तेवढी पंधरा-वीस मिनिटं तुमची!

घरात कुत्रा पाळणं जमेलच असं नाही. दारात येणाऱ्याला रोज ठरल्या वेळी, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, एक भाकरी घातलीत तरी पुरे. उन्हाळ्यात सावलीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि मसालेदार उरलंसुरलं कुत्र्याला घालू नका. पाळलेल्या कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या आणि ती वेळोवेळी पुन्हा द्या. चावा किंवा ओरखडा लागलाच तर हळद, चुना, मिरची असलं काही लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि इंजेक्शनं शेवटपर्यंत पूर्ण करा. रेबीज एकदा उमटला की माणूस सहसा वाचत नाही, म्हणून इथे हयगय नको.

एक मात्र लक्षात ठेवा. झाड आणि कुत्रा सोबत करतात, औषध देत नाहीत. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. जगणंच नको, असा विचार मनात आला तर एक दिवसही थांबू नका. हे तुमच्या घरधन्यालाही लागू आहे. शेतीच्या काळजीने गप्प गप्प झालेल्या माणसाकडे तर जास्तच लक्ष ठेवा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी पोळ्या लाटताना शेवटची एक बिनमिठाची, जराशी जाड लाटा. ती कुणासाठी, हे कुणी विचारलं तर सांगा, दाराशी आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे.