गोचिडीच्या अंड्यावरचं मेण

रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड गाईच्या अंगावरून गळते, गोठ्यातल्या भेगेत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं ते अंडं कोरड्या हवेत सुकत कसं नाही?

कीटकांत अंड्याचं कवच भोवतालच्या पेशी तयार करतात. गोचिडीच्या बीजांडाला असं पेशींचं वेष्टणच नसतं; ते आपलं कवच स्वतःच स्रवतं. पण खरी कमाल पुढेच आहे! अंडं बाहेर येताना मादी तोंड पोटाखाली वाकवते. मुखांगांच्या मागून एक मऊ, ओलसर अवयव फुग्यासारखा बाहेर येतो, अंड्याला धरतो, घोळवतो आणि मेण चढवतो. हजारो अंडी, प्रत्येकाला वेगळा लेप. इटालियन निसर्गअभ्यासक जेने यांचं नाव या अवयवाला आहे; त्याचं मेणाचं काम १९४८ मध्ये लीस आणि बीमेंट यांनी उलगडलं. हा अवयव निकामी केला, तर अंडी पडतात, पण सुकून सुरकुततात.

याच लेपामुळे अंडी एकमेकांना चिकटून त्यांचा चकचकीत तपकिरी पुंजका होतो. तो भेगेत न सुकता टिकून राहतो, म्हणूनच नुसतं जनावरावर औषध मारून भागत नाही. भिंतींच्या भेगा खरवडून लिंपायलाच हव्यात.