एक ढोल, एक क्विंटल सोयाबीन

५,३२८ रुपये. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने जाहीर केलेला सोयाबीनचा क्विंटलमागचा हमीभाव. कमरेला बांधून वाजवायचा बरा ढोल दोरी, पान आणि टिपरूसकट ५ हजारांच्या आसपास धरला, तर वाशिम जिल्ह्यात हिशेब तोंडपाठ होतो: एक ढोल म्हणजे एक क्विंटल सोयाबीन. पुण्याचा पथकवाला ढोलाची किंमत रुपयांत सांगेल, पण अनसिंगला ती पोत्यांत सांगितली की लवकर कळते.

अनसिंग हे वाशिम तालुक्यातलं, पुसद रस्त्यावरचं मोठं गाव. बाजारपेठ आहे, पोलीस ठाणं आहे, आसपासच्या खेड्यांची ये-जा आहे. अशा गावात पोरांनी ढोल-ताशा पथक काढायचं ठरवलं, तर पैसा किती लागेल, तो येईल कुठून आणि फिटेल कधी? पुण्याची पथकं शाळांच्या आधाराने वाढली. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही नावं पथकांमुळे राज्यभर गेली. खाली शाळेचं मैदान, माजी विद्यार्थी, ओळखीचा व्यापारी असा पाया होता. गावाकडच्या पथकाला हा पाया नसतो, म्हणून त्याने आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

लहान पथक धरू. २५ ढोल, ६ ताशे, झांजांचे ४ जोड, १ टोल, २ ध्वज. म्हणजे एका वेळी रस्त्यावर ३८ जण. ढोल बांधून तीन तास कुणी सलग वाजवू शकत नाही, बदलीची पोरं लागतात. ती धरून पट ५० चा. ढोलांचे १ लाख २५ हजार, अडीच हजार रुपयांप्रमाणे ताशांचे १५ हजार, झांजा-टोल-ध्वजांचे १५ हजार, माणशी ८०० रुपयांप्रमाणे कुर्ता-फेट्याचे ४० हजार आणि हंगामात फुटणारी पानं, तुटणाऱ्या दोऱ्या, मोडणारी टिपरं यांचे २५ हजार. बेरीज २ लाख २० हजार. भाव दुकानागणिक हलतात, पण आकड्याचा अंदाज यावरून येतो. हमीभावाने हे ४१ क्विंटल सोयाबीन झालं. एकरी ५ क्विंटल उतारा धरला तर ८ एकरांचा सगळा माल. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजार बराच काळ त्याच्या खाली रेंगाळला, हे ज्यांनी माल विकला त्यांना सांगायला नको. तसं झालं की ढोल महाग न होताही पोती वाढतात.

आता जमा. ५० जणांनी हजार-हजार काढले तर ५० हजार. गावातल्या ५०० घरांनी शंभर-शंभर दिले तर आणखी ५० हजार. एक लाख झाले, १ लाख २० हजारांचा खड्डा उरला. इथे बहुतेक पोरं एखाद्या पुढाऱ्याच्या दारात जातात. ढोलावर त्याचं नाव येतं आणि निवडणुकीच्या वर्षी पथक कुणाच्या मिरवणुकीत वाजणार हेही तिथेच ठरून जातं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी १२ ढोलांवर भागवावं. १३ ढोल कमी घेतले की खड्डा ५५ हजारांवर येतो, आणि एवढी रक्कम दुकानदाराच्या उधारीवर किंवा बचत गटाच्या कर्जावर पेलते. बारा ढोल एका ठेक्यात वाजले तर पंचवीस विस्कटलेल्या ढोलांपेक्षा लांब ऐकू जातात.

वर्गणीला कायदाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार, नोंदणी नसताना धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं ती दरवर्षी काढतात. पथकाने थेट संस्थाच नोंदवावी, त्याला किमान ७ माणसं पुरतात. पावतीपुस्तक छापलं की शंभराची नोट द्यायला हात मोकळा होतो, हा अनुभव गावोगावचा आहे.

बक्षिसांवर मात्र कुणी भिस्त ठेवू नये. राज्य सरकारच्या उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ स्पर्धेत सुरुवातीच्या वर्षांत पहिलं बक्षीस ५ लाखांचं, दुसरं अडीच लाखांचं, तिसरं १ लाखाचं होतं आणि जिल्ह्यातल्या निवडलेल्या मंडळाला २५ हजार मिळत. हे पैसे मंडळाचे. मंडळापुढे घाम गाळणाऱ्या पथकाच्या नावाचा त्यात रकाना नाही. शिवाय जिल्ह्याचे २५ हजार म्हणजे आपल्या हिशेबात एका हंगामाच्या पानं-दोऱ्यांचा खर्च. २०२५ मध्ये सरकारने भजनी मंडळांना वाद्यं वगैरे घेण्यासाठी प्रत्येकी २५ हजारांचं भांडवली अनुदान जाहीर केलं, मंडळं १,८००. एकूण साडेचार कोटी. आकडा भरघोस वाटतो, पण राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत, म्हणजे साधारण १५ पंचायतींमागे एक मंडळ. त्या पैशात पखवाज, पेटी, टाळ येतात. भजनी मंडळाला एवढं पुरतं, ढोल पथकाचे मात्र त्यात जेमतेम ५ ढोल होतात.

तेव्हा पथकाला पोसते ती सुपारी. गणपती आणि नवरात्र मिळून ६ सुपाऱ्या, दरेक १५ हजारांची. टेम्पो आणि जेवणाचे ४ हजार वजा केले की ११ हजार हाती, सहांचे ६६ हजार. त्यातून देखभालीचे २५ हजार काढले की ४१ हजार उरतात. २५ ढोलांचा पूर्ण संच पहिल्याच वर्षी घेतला असेल, तर १ लाख २० हजारांचा खड्डा भरायला तीन वर्षं. वाईट नाही. पण या हिशेबात सहाही सुपाऱ्यांना पोरं हजर आहेत असं धरलंय आणि खरी ठेच तिथेच लागते.

मृग बरा बरसला तर वाशिमकडे सोयाबीनची पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरकते. २० जून धरू. ९५ ते १०० दिवसांचं वाण २३ ते २८ सप्टेंबरला सोंगणीला येतं. आता अनंत चतुर्दशी पाहा. २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला होती, म्हणजे पेरणीपासून ७८ वा दिवस. शेंगा भरत होत्या, शेतात काम बेताचं, पोरं मोकळी. २०२४ मध्ये १७ सप्टेंबर, ८९ वा दिवस, तेही निभावलं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, विसर्जन २८ सप्टेंबरला गेलं, १०० वा दिवस. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, ९७ वा दिवस. वाळलेलं सोयाबीन चार दिवस जास्त उभं राहिलं की शेंगा तडकतात, दाणा मातीत जातो. सोंगणीची मजुरी वाढलेली असते, मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो. अशा दिवशी घरचा कर्ता पोराला म्हणणार, ढोल राहू दे बाबू, आधी गंजी झाकू. तो चूक नाही. म्हणून अधिक महिन्याच्या वर्षी अनसिंगच्या पथकाने सुपाऱ्या कमी घ्याव्यात, हे पंचांग आणि पेरणीची तारीख शेजारी ठेवून जूनमध्येच कळतं.

आणखी एक आकडा डोक्यावर टांगलेला आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांत वादकांची संख्या ३० पर्यंत मर्यादित करायला सांगितलं. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि त्या वर्षीची मिरवणूक वाजली. आपलं ३८ चं पथकही त्या मर्यादेत बसलं नसतं. ध्वनीचे २००० चे नियम सगळ्यांनाच आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि शाळा-दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. ढोल-ताशाचं पथक ५५ डेसिबलमध्ये वाजू शकत नाही, हे पोलिसांनाही माहीत असतं आणि पथकालाही. पाळता येतो तो रात्री दहाचा नियम, तो तरी पाळावा.

आता वादकांच्या निवडीकडे येऊ. अमेरिकेत याच जातीचा, पण फारच महाग खेळ आहे. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था १९७२ पासून अजिंक्यपद भरवते. वरच्या गटात एका पथकात १६५ पर्यंत पोरं, वयाची अट २१-२२ पर्यंत. निवड हिवाळ्यात, दौरा उन्हाळ्यात, आणि निवड झालेला वादक स्वतःच काही हजार डॉलर शुल्क भरतो. गुण १०० पैकी: ४० एकूण परिणामाला, ३० संगीताला, ३० दृश्य रचनेला. आपल्याकडे उलट आहे, वाजवणाऱ्याला पैसे मिळावेत अशी अपेक्षा असते. पण गुणांची वाटणी घेण्यासारखी आहे. माझ्या हाती पथक असतं तर ४० गुण हजेरीला दिले असते. संध्याकाळी ४० दिवस सराव आणि त्यात ३० दिवस आला तोच रस्त्यावर उभा राहील. हात कच्चा असला तर महिन्यात बसतो, पण हजेरीची ओढ शिकवून येत नाही. ३० गुण ठेका धरून ठेवायला: ताशाने चाल वाढवली तरी ढोलाने दहा मिनिटं घसरायचं नाही. उरलेले ३० दमाला.

ताशाची निवड वेगळी करावी लागते. ढोलाच्या एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर थाप, हे बहुतेकांना जमतं. ताशाच्या दोन बारीक काड्यांना मनगट लागतं, आणि सगळं पथक त्या काड्यांकडे कान लावून असतं. सहा ताशेवाले मिळाले की पथक मिळालं.

ते मिळतात कुठे? विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक गावात डफडेवाले आहेत. लग्नात नवरदेव पारावर निघायच्या आधी कडेला पाहावं: मूठभर कागद, तुराट्या पेटवलेल्या असतात, डफड्याचं चामडं आचेवर फिरवत एक जण बोटाने टिचकी मारून पाहतो, ढब आवाज गेला आणि खणखणीत आला की उठतो. ताण, ओल, चामडं यांचं जे ज्ञान पथकवाले चित्रफिती पाहून मिळवतात, ते या माणसाच्या बोटात आहे. पिढ्यानपिढ्या हे काम जातीने वाटून दिलेलं होतं, मोबदला धान्यात आणि मान बेताचा. आज तेच वादन हौस म्हणून कुर्ता-फेट्यात आलं, तर सुपारी पथकाकडे जाते आणि डफडेवाल्याचं बोलावणं कमी होतं. म्हणून त्यालाच पैसे देऊन शिकवायला बोलवावं; वरच्या २ लाख २० हजारांत तो रकाना राहिला आहे, शिकवणाऱ्याचा. संध्याकाळचे ५०० रुपये, ४० संध्याकाळी, २० हजार. ४१ चे ४५ क्विंटल झाले. खड्डा १ लाख ४० हजारांवर गेला, दरवर्षीची शिल्लक ४१ वरून २१ हजारांवर आली आणि तीन वर्षांत फिटणारं पथक आता जवळजवळ सात वर्षं घेतं.

हा खर्च भरून काढणाऱ्या तारखा जिल्ह्याच्या पंचांगातच आहेत. वाशिममध्ये बंजारा समाज मोठा आहे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचं चार मजली, १३ दालनांचं बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ ला खुलं झालं, म्हणजे जिल्ह्यातलं सर्वांत मोठं वाद्य ही एक इमारतच आहे. संत सेवालाल जयंती १५ फेब्रुवारीला. चार दिवसांनी, १९ ला, शिवजयंती. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. तेव्हा तूर निघालेली, हरभरा निघत आलेला, रस्ते कोरडे, पान ओलं होऊन ढिलं पडायची भीती नाही. तिथीच्या सणांसारख्या या तारखा सरकतही नाहीत. अडचण एकच, बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दहावीची तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते. त्या दोन वर्गांची पोरं वगळून पट धरावा लागेल, म्हणजे ५० चे ६० लिहून ठेवावे लागतील आणि सराव डिसेंबरच्या अखेरीस सुरू करावा लागेल.

फेब्रुवारीच्या दोन सुपाऱ्या, प्रत्येकी ११ हजार हाती: २२ हजार. शिकवणाऱ्याचे २० हजार त्यातून सुटतात आणि २ हजार उरतात.