फणिवरबंधना आणि सुरवरवंदना

गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. आजही चतुर्थी आली की तेथपासून फडकेवाडीच्या गणेशमंदिरापर्यंत घराघरांतून ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ऐकू येते. समर्थ रामदासांच्या नावे परंपरेने चालत आलेली ही आरती सर्वांना मुखोद्गत. म्हणूनच तिच्याकडे पद्य म्हणून पाहावयाचे राहून जाते.

वृत्ताच्या दृष्टीने ही रचना मोठी उदार आहे. पहिल्या कडव्याचे दोन चरण १३ अक्षरांचे, तर दोन १२ अक्षरांचे. शार्दूलविक्रीडितात एक लघू गुरू झाला तरी श्लोक लंगडतो. येथे टाळझांजांचा ठेका कमीअधिक मात्रा पोटात घालतो. लंबोदराच्या आरतीला ते शोभतेच! म्हणून नातवापासून आजीपर्यंत सर्वांना ती एका सुरात म्हणता येते. परंतु हीच उदारता चुकीच्या उच्चारालाही आश्रय देते.

शेवटचे कडवे पाहावे. त्याचे सारे चरण ‘ना’वर विसावतात. पहिल्याच्या अंती ‘फणिवरबंधना’, शेवटच्याच्या अंती ‘सुरवरवंदना’. चार लघू, मग गुरू, लघू, गुरू. दोन्ही समास एकाच साच्यातले. नागराज ज्याचा कटिबंध आहे तो, आणि श्रेष्ठ देव ज्याला वंदितात तो. पाताळीचा सर्प आणि स्वर्गीचे देव यांच्यामध्ये, तिसऱ्या चरणात, घरी वाट पाहत बसलेला रामाचा दास! ही योजना सहजासहजी साधत नाही.

पुष्कळ घरांत मात्र ‘फळीवर वंदना’ असे म्हणतात. कानात रेंगाळणारी शेवटची ‘वंदना’ पहिल्या चरणात शिरते, ‘णि’ची ‘ळी’ होते, आणि नागराज जाऊन देव्हाऱ्याची फळी तेवढी उरते. ‘संकटी’चे ‘संकष्टी’ होणेही तसेच. संकटी म्हणजे संकटात. संकष्टी ही तिथी. ५ मात्रांच्या जागी ६ येतात, ठेका मुकाट्याने सांभाळून घेतो. पण ती आर्त हाक महिन्यातल्या एका चतुर्थीपुरती होऊन बसते. त्याच चरणात पुढे येते ‘निर्वाणी’, म्हणजे अगदी अखेरच्या क्षणी. आधी संकट, मग प्राणांत, अशी ही चढती मागणी. तिची पहिली पायरीच निखळते.

कीर्तनात मी हे कडवे प्रथम टाळावाचून, सावकाश म्हणवून घेतो. फणिवर म्हणजे कोण, असे मुले हटकून विचारतात. मग गणरायाच्या पोटाला बांधलेल्या नागाची कथा सांगावी लागते. ती एकदा ऐकली की फळी पुन्हा ऐकू येत नाही.