उपग्रहातील प्रकाशसंवेदकांचे अंशशोधन : मेहकर परिसरातील पीकपाहणीच्या संदर्भात

मेहकर तालुक्याच्या काळ्या जमिनीत खरीप हंगामात सोयाबीन, कापूस व तूर ही पिके मुख्यत्वे घेतली जातात. पावसाने ओढ दिली असता या पिकांची अवस्था जाणण्याची दोन साधने आज उपलब्ध आहेत : एक शेतातील प्रत्यक्ष पाहणी व दुसरे उपग्रहाने टिपलेली प्रतिमा. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने उपग्रहाधिष्ठित वनस्पती निर्देशांकांना दुष्काळविषयक निर्णयात स्थान दिले. तेव्हापासून या दुसऱ्या साधनाची अचूकता हा केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही. ही अचूकता ज्या क्रियेवर अवलंबून असते तिला अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. तिचा पाया उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत घातला जातो.

आकडा आणि प्रकाश

२० एप्रिल २०११ रोजी प्रक्षेपित झालेल्या रिसोर्ससॅट-२ या भारतीय उपग्रहावरील लिस-३ हा कॅमेरा उदाहरणादाखल घेऊ. त्याचे भिंग जमिनीच्या सुमारे १४० किलोमीटर रुंदीच्या पट्टीची प्रतिमा सहा हजार सूक्ष्म संवेदक घटकांच्या एका रांगेवर पाडते. प्रत्येक घटकाच्या वाट्यास सुमारे २३.५ मीटर लांबीरुंदीचा भूभाग येतो. उपग्रह पुढे सरकतो तशी एकेका ओळीची भर पडून प्रतिमा पूर्ण होते. घटकावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्‌भार साठतो आणि तो ० ते १०२३ यांपैकी एका आकड्याच्या रूपाने नोंदला जातो.

हा आकडा म्हणजे प्रकाशाचे मोजमाप नव्हे. २००३ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ वरील याच नावाच्या कॅमेऱ्याचे आकडे ० ते १२७ एवढेच होते. अर्थात १०० या आकड्याचा अर्थ दोन्ही ठिकाणी एक असणे शक्य नाही. शिवाय एकाच रांगेतील शेजारशेजारचे दोन घटकही समान प्रकाशाला तंतोतंत समान प्रतिसाद देत नाहीत. हा भेद दुरुस्त न केल्यास एकसारख्या पिकाच्या शिवारावरही उपग्रहाच्या मार्गास समांतर असे फिके व गडद पट्टे उमटतात.

प्रयोगशाळेतील क्रिया

प्रथम संवेदकावर प्रकाश मुळीच पडू न देता त्याचे आकडे घेतले जातात. उष्णतेमुळे अंधारातही थोडा विद्युत्‌भार निर्माण होतो व त्यात विद्युत्‌मंडलाने दिलेल्या आरंभमूल्याची भर पडते. हेच त्या घटकाचे शून्य. मेहकरजवळच्या लोणार सरोवरासारख्या जलाशयाकडून येणारा प्रकाश शेताच्या मानाने फार मंद असतो. तेथे शून्यातील लहानशी चूकही मोठी ठरते. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. अशा बदलाचे अवकाशातून मोजमाप करावयाचे तर हे शून्य अचूक असावे लागते.

त्यानंतर संवेदक समाकलन गोलासमोर बसविला जातो. हा एक पोकळ गोल असून त्याच्या आतल्या बाजूस पांढरा, चकाकीरहित लेप असतो. आतील दिव्यांचा प्रकाश वारंवार परावर्तित होऊन सर्वत्र सारखा पसरतो, त्यामुळे गोलाच्या तोंडातून पाहणाऱ्या सर्व घटकांना एकच दीप्ती दिसते. ती दीप्ती किती, हे प्रमाणित दिव्याशी तुलना करून आधीच ठरविलेले असते आणि त्या दिव्याचे प्रमाण अखेर राष्ट्रीय मापनसंस्थेतील मानकापर्यंत पोचते. बाजारातील वजने शासकीय मानकाशी ताडून त्यांवर छाप मारतात, त्यासारखाच हा प्रकार होय.

गोलाची दीप्ती पायरीपायरीने वाढवीत प्रत्येक पायरीवर अनेक वाचने घेतली जातात. त्यांच्या सरासरीवरून घटकाचा गुणक मिळतो, तर त्यांच्यातील विखुरलेपणावरून गोंगाटाचे प्रमाण कळते. आकड्यातून शून्य वजा करून बाकीस गुणकाने गुणले की दीप्ती मिळते. हरित, तांबडा व निकट अवरक्त या तीनच पट्ट्यांचा विचार केला तरी अठरा हजार घटकांचे शून्य व गुणक अशा प्रकारे निश्चित करावे लागतात.

संवेदक नेमका कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश घेतो, याचीही परीक्षा एकवर्णकाच्या साहाय्याने होते. लिस-३ चा तांबडा पट्टा ०.६२ ते ०.६८ मायक्रोमीटरचा, तर निकट अवरक्त पट्टा ०.७७ ते ०.८६ मायक्रोमीटरचा आहे. हिरव्या पानाचे परावर्तन ०.७० मायक्रोमीटरच्या आसपास एकदम चढू लागते. गाळणीची कड तिकडे थोडी जरी सरकली तरी तांबड्या पट्ट्यातील आकडा फुगतो व निरोगी पीक रोगट भासते. तापमान व निर्वात यांचाही संवेदकावर परिणाम होत असल्याने निर्वात कक्षात निरनिराळ्या तापमानांना परीक्षा घेणे अगत्याचे असते.

चुकीचा परिणाम

हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानाची अंतर्रचना निकट अवरक्त प्रकाश परावर्तित करते. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक येतो. समजा, एका शिवाराची परावर्तने अनुक्रमे ०.०६ व ०.२४ आहेत, निर्देशांक ०.६० येईल. आता निकट अवरक्त संवेदक १० टक्के कमी मोजीत असेल, तर ०.२४ ऐवजी ०.२१६ मिळून निर्देशांक ०.५६५ होईल. त्या शिवाराचा पूर्वीच्या वर्षांतील नीचांक ०.४० व उच्चांक ०.७० मानल्यास, या दोन टोकांमध्ये पिकाचे स्थान ६७ टक्क्यांवर असावयाचे ते ५५ टक्क्यांवर उतरेल. साठ टक्क्यांच्या वरची अवस्था चांगली समजली जाते. म्हणजे शेतात काहीही न बिघडता पिकाची श्रेणी बदलली. चूक उलट दिशेची असल्यास वाळत चाललेले पीक सुस्थितीत दिसेल आणि त्याची झळ शेतकऱ्यास लागेल.

उड्डाणानंतर

प्रक्षेपणाचे हादरे, अवकाशातील प्रारण व काळ यांमुळे संवेदक पालटत जातो. म्हणून उपग्रहावर लहान प्रकाशदायी डायोड बसवितात, तसेच कच्छच्या रणासारख्या उजळ व एकसारख्या भूभागावर उपकरणे नेऊन उपग्रहाच्या वाचनांशी तुलना करतात. कक्षेतील संवेदक पुन्हा प्रयोगशाळेत आणता येत नाही. त्यामुळे किती पालट झाला हे ठरविण्यास उड्डाणापूर्वीच्या नोंदी हाच आरंभबिंदू राहतो.

लिस-३ एकाच ठिकाणी २४ दिवसांनी परत येतो आणि ऐन पावसाळ्यात ढग त्याची दृष्टी वारंवार अडवितात. हंगामाचे चित्र पूर्ण करण्यास अनेक संवेदकांची वाचने एकत्र करावी लागतात. ती एकाच मानकाशी जोडलेली असल्यासच त्यांची तुलना सार्थ ठरते. पीक पावसाअभावी सुकले की किडीने, हे अंशशोधन सांगू शकत नाही. त्याकरिता शिवारात जावेच लागते. मात्र दोन वर्षांच्या प्रतिमांत दिसणारा फरक उपकरणात उद्भवलेला नसून जमिनीवर घडलेला आहे, असे ज्या प्रमाणात खात्रीने म्हणता येते ते केवळ त्याच्याच बळावर.