घरदुरुस्तीचा बाजार आणि पगारदार माणूस

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांच्यापुढे निदान मोकळी जागा तरी होती. जुने घर दुरुस्त करू पाहणाऱ्याच्या नशिबी तेवढेही नसते. भिंतीत ओल कोठवर मुरली आहे, तुळईचे टोक वाळवीने किती पोखरले आहे, पाखाडीखालचे वासे आणखी किती पावसाळे तग धरतील, यांपैकी काहीही काम उकलल्यावाचून कळत नाही. आणि काम एकदा उकलले, की घरमालक निम्मा ठेकेदाराच्या हाती गेलेला असतो. नवापूरसारख्या लहान गावातील शिक्षक वा कारकून असे काम बहुधा आयुष्यात एकदाच काढतो आणि त्यासाठी भविष्य निर्वाह निधीला हात घालतो किंवा पतसंस्थेचे कर्ज उचलतो. म्हणूनच ‘भरवशाचा ठेकेदार कोठे मिळेल?’ हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न केवळ खाजगी गाऱ्हाणे समजून सोडून देता येत नाही. त्याच्या मुळाशी एका बाजाराची रचना आहे आणि ती समजून घेतल्याखेरीज उत्तर सापडणार नाही.

साग, चुना आणि सिमेंट

डांगचे जंगल नवापूरच्या शेजारीच. त्यामुळे या भागातील जुन्या घरांचा भार सागाच्या खांबांवर आणि तुळयांवर तोललेला असतो. भिंती माती वा चुन्यात रचलेल्या, वर कौलारू पाखाडी. अशा भिंती ओल शोषतात आणि ती बाहेरही टाकतात. त्यांवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की ओलीची वाट बंद होते. दोन-तीन वर्षांत गिलावा फुगतो, लोणा धरतो आणि लाकडाची टोके आतल्या आत कुजू लागतात. आजचा गवंडी सिमेंटच्या कामात तयार झालेला असल्याने चुन्याचे काम त्याच्या हाताखालून गेलेले नसते. साहजिकच ‘पाडून स्लॅब टाका’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. या सल्ल्यात ठेकेदाराचा आणखी एक लाभ दडलेला असतो. पाडकामातून निघणारे जुने सागवान चांगल्या किमतीचे असते. पण अंदाजपत्रकात ते कोणाचे याचा उल्लेखच नसल्याने पुष्कळदा ते ‘राडारोड्या’बरोबर निघून जाते.

कारागीर गेले कोठे?

नवापूरच्या रेल्वे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, हे सर्वश्रुत आहे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. पण मजुरीच्या बाजाराने ती सीमा कधी मानली नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून जाणाऱ्या या मजुरांच्या हालअपेष्टांचे चित्र डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. आता त्यांच्या जोडीने गवंडी आणि सुतारही सुरतेच्या बांधकामांची वाट धरतात. दुर्दैवाने बांधकामाचा हंगामही नेमका हाच. होळीला माणसे गावी परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि मृगापूर्वी छत झाकण्याची घाई सुरू होते. या घाईत जो मिळेल तो ठेकेदार आणि तो सांगेल ती अट, अशी घरमालकाची अवस्था होते.

कमी दराचा सापळा

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याच कामासाठी २००१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालाचा बरेवाईटपणा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी दरच देऊ करतो, त्या दरात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजारातून निघून जातो आणि वाईट तेवढा उरतो. घरदुरुस्तीला हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. तीन ठेकेदारांकडून दर मागवून सर्वांत कमी दर स्वीकारणारा घरमालक स्वतःला व्यवहारी समजतो. वस्तुतः त्या दरात नीट काम करणारा गवंडी सुरतेला निघून जातो आणि ‘पुढचे पुढे पाहू’ म्हणणारा तेवढा दाराशी उभा राहतो.

कायदा कोठवर?

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ या कायद्याविषयी बराच गैरसमज आहे. विक्री वा जाहिरात नसलेले नूतनीकरण व दुरुस्ती यांना त्यातील नोंदणीची सक्ती नाही. महारेराचा आधार येथे मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा मात्र उपयोगी आहे. १९९३ पासून ‘गृहबांधणी’ ही त्याच्या व्याख्येत सेवा ठरली आणि २०१९ च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. नव्या कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही दाद मागता येते. सीमेपलीकडून साहित्य आणणाऱ्या नवापूरकराला ही सोय मोलाची आहे. मात्र व्यक्तिगत सेवेचा करार कायद्याने वगळला असल्याने रोजंदारीवर ठेवलेल्या गवंड्याविरुद्ध हा मार्ग सामान्यतः चालत नाही. तो उक्ते काम अंगावर घेणाऱ्यासाठी आहे. शिवाय पावती आणि लेखी करार नसेल, तर आयोगापुढे सिद्ध तरी काय करणार?

सरकारची रीत

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सार्वजनिक बांधकाम खाते कोणत्याही ठेकेदारावर विश्वास टाकत नाही. ते दरसूची ठेवते, बयाणा घेते, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावरच देयक देते, देयकातून अनामत कापते आणि काम संपल्यावरही दोष दुरुस्तीची जबाबदारी ठराविक काळ ठेकेदारावर ठेवते. सरकारी कामे सगळी उत्तम होतात असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही रीत अनुभवातून आलेली आहे आणि तिची लहान प्रत घरमालकाला वापरता येते.

समजा, चार लाखांचे काम उक्ते दिले आणि ठेकेदाराने निम्मी रक्कम आधी घेतली. ऐंशी हजारांचे काम झाल्यावर त्याच्यापुढे हिशेब असा उभा राहतो : तीन लाख वीस हजारांचे काम शिल्लक आणि मिळायचे फक्त दोन लाख. अशा वेळी काम सोडून जाण्यातच त्याचा फायदा आहे. त्यासाठी तो मुळात लबाड असण्याची गरज नाही. उलट आगाऊ रक्कम दहा टक्के ठेवून ती पहिल्या देयकातून वळती केली, पुढील प्रत्येक देयक त्या त्या टप्प्याच्या मोजमापानंतर दिले आणि त्यातून दहा टक्के राखून ठेवले, तर अखेर चाळीस हजार रुपये मालकाच्या हाती उरतात. ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्यावेत. या भागात मृग ते हस्त यांच्याइतका कडक तपासनीस दुसरा नाही.

लहान ठेकेदारापाशी भांडवल नसते, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा की साहित्य मालकाने स्वतः घ्यावे, पक्की पावती आपल्या नावे करावी आणि ठेकेदाराला मजुरीचा दर तेवढा द्यावा. मजुरांची मजुरी आठवडे बाजाराच्या दिवशी, मालकासमक्ष चुकती व्हावी. ठेकेदार पळून गेला की मालकाचे पैसे बुडतात. पण मजुराची तर चूल विझते, हे आपण सहसा विसरतो.

व्यक्तीच्या शहाणपणाला मर्यादा आहेत. उरलेले काम संस्थांचे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि गवंडी या दोहोंचा समावेश असून त्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र व कर्ज मिळण्याची तरतूद आहे. गावातील अशा कारागिरांची यादी, त्यांनी केलेल्या कामांच्या पत्त्यांसह, नगरपरिषदेने का लावू नये? दोन पानांचा मराठी करारनामा छापून तो अल्प किमतीत देता येईल. माफक शुल्क घेऊन मोजमाप करून देणारा अभियंता नेमता येईल. असे झाले तर चांगल्या गवंड्याला त्याच्या चांगुलपणाची किंमत गावातच मिळेल आणि सुरतेची गाडी पकडण्याचे त्याचे एक कारण तरी कमी होईल. आज भरवशाचा ठेकेदार शोधण्यात आपण जितके श्रम घालतो, त्याच्या चौथ्या हिश्श्याने श्रम जरी भरवसा ठेवता येईल असा व्यवहार घडवण्यात घातले, तरी अनेक जुनी घरे आणि अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचेल.