न्यायाधीश घरी गेले, लग्नं चालूच राहिली

अमेरिकेत समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली ती राज्याराज्यांतून, अडखळत. १७ मे २००४ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये असे विवाह सुरू झाले आणि त्याच नोव्हेंबरात अकरा राज्यांतल्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून आपापल्या दारांना आतून कडी लावून घेतली.

लोकांचा राग कुठून आणि कसा बाहेर पडतो, हे बघायचं तर आयोवाकडे बघावं. मका आणि वराहपालनाचं हे राज्य. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एप्रिल २००९ मध्ये एकमताने सांगितलं की समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारता येणार नाही. आयोवात न्यायाधीश गव्हर्नर नेमतो, पण ठरावीक काळाने त्यांची नावं मतपत्रिकेवर येतात. समोर कुणी उमेदवार नसतो. यांना पदावर ठेवायचं का, एवढाच प्रश्न. हो किंवा नाही. १९६२ पासून या पद्धतीत सर्वोच्च न्यायालयाचा एकही न्यायाधीश पडला नव्हता. २०१० मध्ये तिघांची पाळी आली आणि मुख्य न्यायाधीश मार्शा टर्नस यांच्यासह तिघेही गेले. विरोधी प्रचाराला बाहेरच्या राज्यांतून पैसा आला होता. न्यायाधीशांनी मतं मागत फिरायचं नसतं, म्हणून या तिघांनी प्रचारच केला नाही. तत्त्व उत्तम, पण समोरच्यांना मैदान मोकळं मिळालं.

गंमत म्हणजे निकालाला धक्काही लागला नाही. लग्नं होत राहिली. दोन वर्षांनी त्याच निकालातले डेव्हिड विगिन्स मतपत्रिकेवर आले, तेव्हा लोकांनी त्यांना ठेवलं.

मेन राज्यात तर लोकांनी स्वतःचाच कौल फिरवला. विधिमंडळाने केलेला विवाहाचा कायदा २००९ मध्ये सुमारे ५३ टक्के मतांनी रद्द झाला. २०१२ मध्ये जवळपास तेवढ्याच मतांनी विवाहाला मंजुरी मिळाली. मधल्या काळात कार्यकर्ते दारोदार गेले. हक्कांची भाषणं आवरती घेऊन त्यांनी लोकांना स्वतःच्या लग्नाबद्दल बोलतं केलं. मला तरी हे काम कोर्टातल्या युक्तिवादांपेक्षा अवघड वाटतं.

२६ जून २०१५ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सगळ्याच राज्यांचा प्रश्न निकालात काढला. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के असलेला पाठिंबा तोवर ६० टक्क्यांवर गेला होता. मात्र रिपब्लिकन मंडळींमध्ये २०२२ मध्ये ५५ टक्के असलेला पाठिंबा २०२५ मध्ये ४१ टक्क्यांवर घसरला आहे.